रिटायर होणाऱ्या सरांच्या नोट्स डिपार्टमेंटच्या कशा झाल्या

कोल्हापूर जिल्ह्यातलं एक अनुदानित आर्ट्स कॉलेज, शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं, आणि त्यातलं भूगोल डिपार्टमेंट. फुलटाईम प्राध्यापक एकच, ते पण वर्षभरात रिटायर व्हायचे होते, बाकी दोघी मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आपल्याकडं म्हणतात तसं सीएचबीवर. मी तिथं कॉम्प्युटर लॅब बघतो, पण जास्त वेळ जातो तो प्राध्यापकांच्या शेजारी बसून त्यांचं शिकवणं कॉम्प्युटरवर कसं आणायचं ते बघण्यात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, आणि ज्यांना या भागातली कॉलेजं माहीत आहेत त्यांना हे आपल्याच कॉलेजचं वाटेल, कारण अशी डिपार्टमेंट ढिगानं आहेत. सगळं सविस्तर लिहितोय कारण शिक्षकांना टेक्नॉलॉजी शिकवायची म्हटलं की पहिल्यांदा वर्कशॉप ठरतं, आणि आमच्याकडं वर्कशॉप कधीच कमी पडली नव्हती. सर्टिफिकेटांच्या फायली भरलेल्या होत्या, आणि तरीही एकाच्या नोट्स दुसऱ्याला मिळत नव्हत्या.

आधी काय होतं ते सांगतो. सरांकडं पंचवीसेक वर्षांचं साहित्य होतं. सुरुवातीच्या वर्षांचं हातानं लिहिलेल्या वह्यांत आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या शीटवर, मधल्या काळातलं शाहूपुरीतल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या एका सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फॉन्टात, टाईप करून घेतलेलं, आणि कोविडमध्ये घाईघाईनं केलेले पीपीटी. डीटीपीचं आणि पीपीटीचं सगळं एका पेनड्राइव्हवर, थोडं त्यांच्या स्वतःच्या जीमेलच्या ड्राइव्हला. मॅडमचं वेगळंच चाललेलं. सीएचबीच्या नेमणुका होईपर्यंत सेमिस्टर निम्मं संपत आलेलं असतं, मग रात्री बसून नोट्स काढायच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकायच्या, वर्ष संपलं की नेमणूक संपली आणि नोट्स त्यांच्या फोनमध्ये. पुढच्या वर्षी नवीन कोणी आलं की परत हवेचा दाब आणि वारे पहिल्यापासून. व्हॉट्सॲपवरची जुनी पीडीएफ काही दिवसांनी डाउनलोड होत नाही, पोरं परत परत मागतात, आणि ज्या मॅडमनी टाकलेली त्या आता दुसऱ्या कॉलेजवर.

मधे एक एलएमएस, म्हणजे ऑनलाईन शिकवायचं आणि साहित्य ठेवायचं सॉफ्टवेअर, पण होऊन गेला होता. कोविडनंतर एका एजन्सीनं मूडल बसवून दिलं, सगळ्यांना लॉगिन मिळाले, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी स्क्रीनशॉट निघाले, मग रिन्यूअलचे पैसे भरायचे राहिले आणि साईट बंद, आतलं गेलं ते गेलंच. यात मूडलचा दोष नाही. मूडल ओपन सोर्स आहे, ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामासनं सुरू केलं, २००२ पासून चालू आहे आणि फुकट आहे. पण फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, सर्व्हर फुकट नाही, आणि अपडेट, बॅकअप बघणारा माणूस तर अजिबात फुकट नाही. ज्या कॉलेजात असा माणूस आहे त्यांनी मूडलच घ्यावं, प्रश्नपेढीपासून ऑफलाईन ॲपपर्यंत सगळं त्यात आहे. आमच्याकडं तो माणूस म्हणजे मीच, आणि मी पण कायम नाही. म्हणून कॉलेजच्या डोमेनवर गुगल वर्कस्पेस, म्हणजे मेल, ड्राइव्ह, शीट असं शिक्षणसंस्थांना फुकट मिळणारं पॅकेज, आधीपासून होतं, त्यावरच काम करायचं ठरलं, नवीन काही आणायचं नाही.

सरांना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर सरळ होतं, "आता काय शिकू बाबा मी, निघालोय की." म्हणून शिकवायचं काढलंच नाही. एकच टॉपिक मागितला, जो त्यांच्याशिवाय कुणाकडं नाही असा. त्यांनी क्षणभर विचार केला आणि कपाटातनं एक वही काढली. दर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या, कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पेपरात येते, ती सरांनी रोजच्या रोज उतरवून ठेवलेली, तारीख, वेळ, फूट आणि इंच, शेजारी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ते, आणि गगनबावड्याचा पाऊस. निळ्या शाईत, आणि पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर गेली की खाली एक रेघ, धोक्याच्या ४३ वर गेली की लाल पेन. २०१९ च्या ऑगस्टमधली पानं बघितली तर पानंच्या पानं लाल, पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. २०२१ च्या जुलैची पण तशीच.

ही वही म्हणजे एक आख्खा धडा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि तिथनं पुढं पंचगंगा, ती नरसोबावाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगवटा येतो. म्हणून पाऊस उघडला तरी शिरोळ तालुक्यातलं पाणी लगेच उतरत नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळकडं पाचशेच्या आसपास, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात, सरळ रेषेत शंभर किलोमीटरचं पण अंतर नाही. वर्गात निम्मी पोरं अशी की ज्यांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलेलं. पुस्तकात पुराचं उदाहरण कुठल्यातरी लांबच्या नदीचं असतं आणि इथं शिकवायला ही वही पडलेली, तीही कपाटात, कुलूप लावून.

आम्ही वहीतले आकडे गुगल शीटमध्ये घातले. मॅडम वाचायच्या, मी टाईप करायचो, सर शेजारी बसून चुकलेलं सांगायचे. ग्राफ काढला आणि ३९ आणि ४३ च्या दोन आडव्या रेघा मारल्या तेव्हा सर स्वतःहून पुढं सरकले आणि म्हणाले, ह्याच्यावर राधानगरीचे दरवाजे उघडलेले टाईम टाका की, मग पोरांना कळंल पाणी यायला किती तास लागतात. त्या दिवसापासून त्यांना काही शिकवावं लागलं नाही, त्यांचे प्रश्न यायला लागले आणि मी उत्तरं शोधायला लागलो. माझं अगदी स्पष्ट मत आहे की प्राध्यापकाला टूल आधी दाखवलं तर तो बघून सोडून देतो, त्याचं स्वतःचं साहित्य आधी समोर ठेवलं तर टूल तो आपणहून मागतो.

मग आला श्रीलिपीचा विषय, आणि यात सगळ्यात जास्त वेळ गेला. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल त्या कॉम्प्युटरवर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर फक्त मराठीचा आकार चढवतो. फॉन्ट नसलेल्या फोनवर उघडली की डॉलरची चिन्हं आणि कंस. कंट्रोल एफ करून शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण तो शब्द तिथं नाहीच. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर असतो, त्यामुळं कुठल्याही फोनवर तेच दिसतं आणि तेच सापडतं. कन्व्हर्टर असतात, बरंचसं काम ते करतात, पण रफार आणि पहिली वेलांटी यात घोळ होतो कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसतात त्या क्रमानं टाईप केलेली असतात आणि युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. कर्कवृत्त चं ककर्वृत्त होतं, पर्जन्य चं पजर्न्य, आणि स्थिती लिहिलंय तिथं वेलांटी सुटून भलत्याच अक्षराला चिकटते. म्हणजे प्रत्येक पान माणसानं वाचायला लागतं. हे काम दोघी मॅडम आणि सरांनी वाटून घेतलं आणि याचा एक फायदा असा झाला की वाचता वाचता जुनं झालेलं पण सापडत गेलं, कुठं २००१ च्या जनगणनेचे आकडे, कुठं जिल्ह्यांची जुनी नावं.

हातानं लिहिलेल्या वह्यांचं काय करायचं हा प्रश्न होता, टाईप कोण करणार. फोनच्या कीबोर्डवर माईकचं बटण असतं आणि मराठी बोललेलं टाईप होतं हे सरांना दाखवलं. सरांनी वही समोर धरली आणि वर्गात शिकवतात तसंच बोलायला सुरुवात केली, स्क्रीनवर ओळी यायला लागल्या. नेहमीच्या बोलण्यातले शब्द बरोबर येतात, पारिभाषिक शब्द चुकतात, प्रत्यावर्त म्हटलं की दोन वेगळेच शब्द यायचे. पण चुका दुरुस्त करणं हे सगळं टाईप करण्यापेक्षा कितीतरी सोपं. स्टाफरूममध्ये पंखा बंद करून सर बोलत बसलेत असं चित्र नंतर रोजचंच झालं.

यातनं एक गोष्ट झाली जी मी मुद्दाम लिहितोय. बीएच्या दुसऱ्या वर्षाला एक अंध विद्यार्थी आहे. परीक्षेला लेखनिक मिळतो, पण अभ्यासाला नोट्स कुणीतरी वाचून दाखवायला लागायच्या, नाहीतर रेकॉर्ड करून. युनिकोडमधली फाईल त्याच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, सरळ वाचतो, मराठीत, तो पाहिजे तिथं थांबवतो, मागं जातो, आकडा परत ऐकतो. श्रीलिपीची फाईल हे कधीच करू शकत नाही आणि स्कॅन केलेली पीडीएफ पण नाही, कारण स्कॅन म्हणजे नुसता फोटो. हे सरांच्या समोर त्यानं करून दाखवलं. उरलेल्या वह्यांसाठी सरांना मग कुणी सांगावं लागलं नाही, आणि आमच्याकडं आता नियमच आहे की नुसता स्कॅन टाकायचा नाही, सोबत वाचता येईल असा मजकूर पाहिजे.

साहित्य ठेवायचं कुठं हे दिसायला छोटं पण तिथंच सगळं फसतं. सरांच्या स्वतःच्या जीमेलमधल्या फाईलची मालकी कॉलेजच्या खात्याला देता येत नाही, गुगल वेगवेगळ्या डोमेनमध्ये ते करू देत नाही, कॉपीच करावी लागते. कॉलेजच्या खात्यात ठेवलं तरी माणूस गेला आणि फाईल दुसऱ्याकडं न सोपवता खातं डिलीट केलं की त्याच्या माय ड्राइव्हमधलं पण जातं. म्हणून शेअर्ड ड्राइव्ह. त्यात फाईल कुणा माणसाच्या नावावर नसते, संस्थेच्या नावावर असते, कोण आलं कोण गेलं तरी जागेवर राहते. मॅडमना कंट्रिब्युटर ठेवलं, म्हणजे टाकता येतं, सुधारता येतं, पण चुकून कुणाचं उडवता येत नाही. मॅनेजर दोघं, विभागप्रमुख आणि ग्रंथपाल. ग्रंथपाल यासाठी की डिपार्टमेंटला कायम माणूस उरेल का याची खात्री नाही आणि लायब्ररी कुठं जात नाही.

फोल्डर टॉपिकप्रमाणे केले, पेपर नंबरप्रमाणे नाही. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून सिलॅबस एवढा हललाय की बीए दोनचा पेपर चार म्हणून ठेवलेलं फोल्डर पुढच्या वर्षी कुणाला सापडत नाही. पंचगंगा पूर हा टॉपिक मात्र कुठल्याही सेमिस्टरला गेला तरी पंचगंगा पूरच राहणार.

आता मुख्य अडचण. हे सगळं चाललेलं असताना एक मॅडम काम करायच्या, सरांच्या नोट्स सुधारायच्या, पण स्वतःचं काही ड्राइव्हला टाकत नव्हत्या. मी एकदोनदा विचारलं, टाकते म्हणाल्या. मग एकदा लॅबमध्ये कुणी नसताना म्हणाल्या, "दादा, खरं सांगू काय, माझं सगळं तिथं असलं तर पुढच्या वर्षी मला कशाला बोलवतील? कुणालाही घेतील आणि माझ्याच नोट्सवर शिकवायला लावतील." यावर टीमवर्क वगैरे बोलणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता. भीती शंभर टक्के बरोबर आहे. तासाला पैसे मिळणारा माणूस ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम करून फुकट सोडून जावा अशी अपेक्षा आपण करतो आणि वर त्याला सहकार्य नाही म्हणतो. शेअरिंग का होत नाही याचं कारण मला तरी बहुतेक ठिकाणी हेच दिसलंय, टेक्नॉलॉजी येत नाही हे कारण फार कमी वेळा.

सरांचा प्रश्न वेगळा वाटला तरी आत तोच होता, "नाव ऱ्हाईल का माझं?"

प्राचार्यांशी बोलणं झालं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं हे सांगितलंच पाहिजे. एक पानाचा करार केला. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडं जाऊ शकते. म्हणून वेगळं ठरवून लिहूनच ठेवलं, की कॉपीराईट लेखकाचाच राहील आणि डिपार्टमेंटला क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय एसए लायसन्सखाली वापरायला मिळेल. म्हणजे कुणीही वापरू शकतो, बदलू शकतो, पण मूळ लेखकाचं नाव द्यावंच लागेल आणि बदललेलं पुढं कुणाला दिलं तर ते पण त्याच अटीवर खुलं ठेवावं लागेल. नाव पहिल्या पानावर, आणि खाली कुणी काय सुधारलं त्याची ओळ. मॅडमना याचा मोठा फायदा असा की त्या उद्या गडहिंग्लजला जाऊ देत नाहीतर इस्लामपूरला, हेच साहित्य, इतरांनी सुधारलेलं सुद्धा, त्या तिथं हक्कानं वापरू शकतात. दुसरं म्हणजे वर्षाच्या शेवटी प्राचार्यांच्या सहीचं पत्र, त्यात कुठले धडे कुणी तयार केले ते नावानिशी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत ई-कंटेंट तयार करण्याला गुण आहेत, ते चार क्वाड्रंटचं पाहिजे म्हणजे व्हिडिओ, मजकूर, चर्चा आणि मूल्यमापन असं सगळं, त्यामुळं आमचं सगळंच त्यात बसत नाही, पण इंटरव्ह्यूला हातात पत्र आणि लिंक असणं आणि नुसतं तोंडी सांगणं यात फरक पडतोच.

या करारानं मॅडमची पुढच्या वर्षाची नेमणूक पक्की होत नाही. ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही, आणि ते कुठल्याही ड्राइव्हनं सुटणारं नाही, जागा भरल्याशिवाय. पण त्यांनी साहित्य टाकलं. हवामानशास्त्राचे त्यांचे धडे सरांच्यापेक्षा चांगले आहेत हे सरांनीच स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं.

चित्रांचा आणि नकाशांचा एक मुद्दा राहतो. कोविडमधले पीपीटी इंटरनेटवरनं उचललेल्या चित्रांनी भरलेले. वर्गात शिकवताना वापरायला कायद्यात बरीच सूट आहे, कलम ५२ मध्ये, आणि दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं २०१६ ला शिक्षणासाठीच्या या सवलतीचा अर्थ चांगला मोकळा लावला. पण वर्गात वापरणं वेगळं आणि आपलं म्हणून खुल्या लायसन्सवर टाकणं वेगळं. म्हणून दोन फोल्डर केले, एक फक्त आपल्या विद्यार्थ्यांसाठी लॉगिननं, दुसरं सगळ्यांना खुलं, आणि खुल्यात फक्त स्वतः काढलेलं किंवा ज्याचं लायसन्स स्पष्ट आहे तेच. भूगोलात आणखी एक काळजी, बाहेरच्या वेबसाईटवरच्या भारताच्या नकाशात जम्मू काश्मीरची सीमा बऱ्याचदा चुकीची असते, असे नकाशे आमच्या स्लाईडमध्ये पण निघाले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवर भारताचे बाह्यरेखा नकाशे फुकट मिळतात, ते घेतले. पंचगंगा खोऱ्याचा नकाशा मॅडमनी क्यूजीआयएसमध्ये स्वतः काढला, ते नकाशे काढायचं सॉफ्टवेअर पण फुकट आहे, आणि तो नकाशा आता आम्ही सगळ्यात जास्त वापरतो.

पोरांच्या बाजूनं एवढंच की सगळं फोनवर बघितलं जातं आणि राधानगरी, गगनबावड्याकडच्या वाड्यांवर रेंजचा भरवसा नाही. म्हणून पीडीएफ दोनचार एमबीच्या आत, फोटो कॉम्प्रेस करून, व्हिडिओ एका मुद्द्याचा एकच आणि छोटा, आणि प्रत्येक धड्याचा क्यूआर कोड लायब्ररीच्या दारात लावलाय, वायफायवर उतरवून घ्यायचं आणि घरी जायचं.

जमलं नाही ते पण सांगतो. प्रश्नपेढी झाली नाही. पेपर फुटेल ही भीती तिघांनाही होती, आणि सरावाचे प्रश्न आणि परीक्षेचे प्रश्न वेगळे ठेवायचे म्हटलं तरी पटलं नाही, तो विषय सोडून दिला. धड्यांखाली पोरांनी शंका लिहाव्यात म्हणून सोय केली होती, तिथं कुणी लिहीत नाही, शंका व्हॉट्सॲपवरच येतात, मग मॅडम चांगली शंका दिसली की उत्तरासकट धड्यात घालतात आणि हे उलट बरं चाललंय. ओव्हरहेडच्या शीटचे फोटो नीट येत नाहीत, चमकतात, त्या खिडकीच्या काचेला चिकटवून दिवसाउजेडी काढायच्या असं ठरलंय.

सर रिटायर झाले. त्यांच्या खात्याचा बॅकअप त्यांना पेनड्राइव्हवर दिला, आणि मानद सभासद म्हणून त्यांच्या स्वतःच्या जीमेलला शेअर्ड ड्राइव्हवर सुधारणा करायची परवानगी ठेवली, डोमेनच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या माणसाला परवानगी चालू करायला लागते ती करून घेतली. या पावसाळ्यातले पातळीचे आकडे शीटमध्ये तेच घालतायत, घरून, फोनवरनं. अर्थशास्त्राच्या मॅडमनी गुळाच्या सौद्यांच्या भावाच्या जुन्या फायली आहेत म्हणून विचारलंय, मार्केट यार्डातनं गोळा केलेल्या, त्या पण श्रीलिपीतच आहेत, तर दिवाळीनंतर त्यांच्या शेजारी बसायचं आहे, आणि यावेळी कराराचं पान पहिल्या दिवशीच समोर ठेवणार आहे.